दगडाच्या जागी कणीस

मी गोफण बोलतेय. तसं बोलणं माझं काम नाही. गरगर फिरायचं, दगड सोडायचा आणि फाटकन आवाज करून गप्प बसायचं, एवढंच मला शिकवलेलं. पण हल्ली मी घरामागच्या वाडीत बोरीच्या फांदीला लटकलेली असते आणि माझ्या झोळीत दगडाच्या जागी ज्वारीचं कणीस असतं. गोफणीच्या जातीत असं दुसऱ्या कुणाचं झाल्याचं मी ऐकलेलं नाही, म्हणून सांगते.

राळेगावकडच्या एका लहान गावात किसनरावांनी मला वळलं. अंबाडी नाल्यात भिजत घातली, कुजू दिली, तिचा वाख सोलला आणि ओसरीत बसून मांडीवर पीळ देत देत माझ्या दोन लांब दोऱ्या केल्या. मध्ये दगड मावेल एवढी झोळी विणली. एका दोरीच्या टोकाला बोट अडकवायचा फासा ठेवला. झाली मी तयार.

त्या काळी शिवारभर ज्वारी असायची. ज्वारीच्या दाण्यात दूध भरलं की आभाळातून भोरड्या उतरायच्या. भोरडी म्हणजे मैनेएवढं पाखरू. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळेभोर, डोक्यावर शेंडी. लांब उत्तरेकडून डोंगर ओलांडून हिवाळ्यापुरत्या येतात. थवा वळला की आभाळात कुणी चादर झटकल्यासारखं वाटतं. दिसायला इतक्या देखण्या, पण वावरात उतरल्या की कणसाची नुसती काडी उरायची. म्हणून मी. किसनराव मचाणावर उभे राहून मला फिरवायचे आणि "होऽऽ हो" करून ओरडायचे. पुढे त्यांचा मुलगा बबनराव मचाणावर चढला. त्याचा नेम बापाहून चांगला होता.

मग कापूस वाढला, सोयाबीन आलं, ज्वारी गेली. राखायला काही उरलं नाही. मला बैलांच्या कोठ्यात एका खिळ्याला अडकवलं. माणसांची ही एक सवय मी पाहिली आहे. जुनी वस्तू ते टाकत नाहीत आणि वापरतही नाहीत. खिळ्याला लावून ठेवतात आणि त्यालाच सांभाळणं म्हणतात. किसनराव गेले, बबनरावांचे केस पिकले, त्यांना दोन मुलगे झाले, ते मोठेही झाले. मी खिळ्यालाच.

थोरला अनंत. बोलणं हळू, चालणं हळू, बैलाला हात लावायचा तोही विचारून लावल्यासारखा. धाकटा पियुष त्याच्या अगदी उलटा. कडी काढायच्या आधी दार ढकलणारा. शाळेशी त्याचं जमलं नाही, आठवीतच सुटली. दादा सांगेल ते काम करायचं, आणि दादाने सांगायच्या आधीच सुरू करून बिघडवायचं, असं त्याचं चालायचं.

एका हिवाळ्यात अनंत कोठ्याच्या दारात उभा राहून वर पाहत होता. गावावरून भोरड्यांचा थवा चालला होता, उंच, न थांबता.

"बाबा, ह्या आपल्याकडे काहून उतरत नाही?"

"उतरून काय खातीन? सोयाबीन?" बबनराव म्हणाले.

"पाव्हणे दारावरून जाऊन राह्यले अन् कोणी बसा म्हणत नाही," अनंत म्हणाला.

त्याच दिवशी त्याने मला खिळ्यावरून काढलं, धूळ झटकली आणि वाडीतल्या बोरीला दोन्ही दोऱ्यांनी बांधून टाकलं. झोळी पाळण्यासारखी खाली आली. पुढच्या पावसाळ्यात त्याने वाडीत ज्वारीच्या थोड्या ओळी टाकल्या. मोडक्या रांजणाचं पसरट बूड पाण्यासाठी ठेवलं. पपईच्या झाडावरची वरची फळं पाखरांची, खालची घरची, असं ठरवून टाकलं. कुंपणाकडची लाल-पिवळी घाणेरी सगळे उपटतात, त्याने ती तिच्या काळ्या फळांसाठी राहू दिली. वाडीत फवारा मारू दिला नाही. नाकतोडे राहिले पाहिजेत म्हणे.

गाव हसलं. शेजारच्या रुपीबाई कुंपणावरून म्हणाल्या, "आज्याचा जल्म हाकलण्यात गेला, अन् नातू बोलावून राह्यला. तुमच्या घरात कोणीतरी एक येडं हाये, कोणतं ते समजत नाही."

"दोघंही असतीन काकू," अनंत म्हणाला.

पहिल्या वर्षी कुणी आलं नाही. दुसऱ्या वर्षी चार-दोन उतरल्या. अनंत त्यांच्या खाण्याकडे नीट पाहत बसायचा. त्याने ओळखलं की वाळलेल्या टणक दाण्याकडे त्या वळून पाहत नाहीत. त्यांना दाणा दुधातला हवा, नखाने दाबला तर फुटणारा. फळ हवं तर मऊ. "लांबून आलेल्या पाव्हण्याले मऊ द्यावं," तो पियुषला सांगायचा. पियुष ऐकता ऐकता पाखरांच्या वाटणीची पपई खायचा.

गेल्या हिवाळ्यात तर वाडी गुलाबी झाली. माझ्या झोळीत दुधातलं कणीस असायचं आणि दोन्ही दोऱ्यांवर भोरड्या रांगेत बसायच्या, भांडायच्या, एकमेकींना ढकलायच्या. पिवळ्या छातीची भारीट पाखरंही यायची. अनंत-पियुषची माय वाळत घातलेलं लुगडं हातात घेऊन यायची. "अनंत, पाहाय तुह्या पाव्हण्यायनं काय नक्षी काढली." रागवायची, आणि जाताना रांजणाच्या बुडात पाणी ओतून जायची.

यंदा पोळा झाला आणि त्यानंतर लगेच अनंत गेला. आभाळ भरलं होतं, तो बैल सोडायला वावरात गेला आणि वीज पडली. एवढंच. त्याच्यापुढे सांगण्यासारखं काही नाही. बैल वाचले.

दहाव्याला नदीवर काय झालं ते मला वाडीतल्या बोलण्यातून कळलं. पिंड मांडले. बाभळीवर कावळे बसले होते. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाची काही इच्छा उरली नाही असं समजतात आणि मग घरचे जेवतात. कावळा खाली येईना. मग एकेक जण हात जोडून कबूल करू लागला. बबनराव म्हणाले, तुह्या मायले मी जपीन. मामा म्हणाला, पियुषचं लगन मी लावून देईन. कुणी म्हणालं, वावर विकू देणार नाही. कावळे ऐकत बसले आणि उन्हं तापल्यावर उडून गेले. शेवटी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि सगळे परतले.

माय मागच्या दारात उभी होती. "शिवला काय?" तिने विचारलं.

बबनराव पाय धुवायला लागले. पियुषला मात्र गप्प राहणं जमत नाही.

"नाही शिवला. गवताचा लावला."

मायने वाढलेलं ताट झाकून ठेवलं. पियुष तिच्याकडे पाहू शकला नाही. विळा घेऊन तो वाडीत आला.

"वर्सभर खाते, पाणी पेते," तो दात आवळून बोलत होता, "अन् ज्यानं चारलं, त्याच्यासाठी एक पाखरू खाली उतरलं नाही."

आणि त्याने ज्वारी कापायला सुरुवात केली. पोटऱ्यात आलेली ज्वारी होती, आतलं कणीस बाहेर यायला थोडेच दिवस होते. सपासप सगळ्या ओळी आडव्या केल्या. घाणेरीवर दोन घाव घातले. मग त्याची नजर माझ्यावर गेली. त्याने मला फांदीवरून ओढून काढलं, खाली पडलेला दगड झोळीत घातला आणि रुपीबाईंच्या निंबावर बसलेल्या कावळ्यांच्या दिशेने मला फिरवलं. मी किती वर्षांनी फिरले ते मलाच आठवेना. पण त्याला गोफण येत नव्हती. दगड भलत्याच वेळी सुटला आणि रुपीबाईंच्या टिनावर धाडकन आदळला.

रुपीबाई बाहेर आल्या. "काहून रे, माह्या टिनानं तुहं काय केलं?"

मग त्यांना आडवी झालेली ज्वारी दिसली. पियुषचं तोंड दिसलं.

"मार अजून दोन," त्या म्हणाल्या. "टीन जुनंच हाये."

पियुष तिथेच बसला. माय आली, त्याच्या मुठीतून मला सोडवून घेतलं आणि माझा गुंता काढू लागली.

"तुमी सगळ्यायनं त्याले काय काय कबूल केलं, आयकलं मी," ती म्हणाली, "लगन काय, वावर काय. त्याचं मन कुठं होतं ते कोणालेच समजलं नाही. त्याले औंदा भोरड्या पाहाच्या होत्या. रोज तेच बोलत होता. त्यायले पोटभर चारायचं राहून गेलं त्याचं."

पियुषने कापलेल्या ज्वारीकडे पाहिलं.

"त्या येतीन अन् वाडीत जेवतीन, त्या दिवशी मी समजीन का शिवलं," माय म्हणाली. "तवर मले जेव म्हणू नका."

तिने मला पुन्हा बोरीला बांधलं. अनंत बांधायचा तशी गाठ तिला आली नाही, मी एका बाजूला कलले. तशीच राहिले.

त्या दिवसापासून माय ताट घेऊन बसली नाही. चहा प्यायची. चुलीपाशी उभ्या उभ्या भाकरीचा तुकडा तोंडात टाकायची. कामं सगळी करायची, पण पायरीवरून उठताना आधी भिंतीला हात लावायची. बबनराव मुके झाल्यासारखे होते. ते सकाळी वावरात जात, संध्याकाळी येत, आणि बायकोच्या झाकलेल्या ताटाकडे पाहून आपलंही अर्धंच खात.

पियुषने पाखरांना बोलवायचं ठरवलं. त्याच्या पद्धतीने. माझ्या झोळीत त्याने आधी गहू घातले. मग फुटाणे. मग मुरमुरे. एकदा राळेगावच्या बाजारातून येताना शेव आणली आणि तीही घातली. खारी आल्या, पारवे आले, साळुंख्या आल्या. आणि कावळे आले, अगदी ऐटीत. एक कावळा माझ्या झोळीत मान घालून शेव खाऊ लागला तसा पियुष त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"दहाव्याले कुठं गेलता बे?" त्याने विचारलं.

कावळ्याने आणखी एक घास घेतला. पियुषने त्याला हाकललं नाही.

दुधातलं कणीस हवं हे त्याला आठवलं तेव्हा तो सायकल घेऊन गावोगाव फिरला. सगळीकडे कापूस, सोयाबीन, तूर. ज्वारी कुणाच्या वावरात नाही. एका म्हाताऱ्याने हसून सांगितलं, "ज्वारी आमी आता दुकानातून आणतो बाप्पा." पियुष घामाघूम होऊन परतला आणि वाडीतल्या धसकटांकडे पाठ करून बसला. स्वतःच्या हाताने कापलेली ज्वारी त्याला बघवत नव्हती. म्हणूनच त्या धसकटांत काय चाललं होतं ते त्याला दिसलं नाही.

ते आधी रुपीबाईंच्या शेळीला दिसलं. ती कुंपणाच्या फटीतून मान घालत होती आणि रुपीबाई तिला मागे ओढत होत्या.

"पियुष, अरे धसकटं फुटली. कुंपण नीट कर. कवळ्या कोंबानं किरळ लागते, ईख असते त्यात. शेळी मेली तं तुले चाहात दूध नाही भेटणार."

पियुष धावत आला आणि उकिडवा बसला. प्रत्येक धसकटाच्या बुडाशी हिरवे कोंब होते. कुठे एक, कुठे दोन. त्याने बोटाने एक कोंब हलवून पाहिला. कापलं की संपलं असंच त्याला वाटत होतं. यंदा त्याने तेवढंच पाहिलं होतं.

"हे पुन्हा येते काय काकू?"

"ज्वारी हाये ते. बूड जित्तं असलं का येते. कणीस लहान येईन, पण येईन. फक्त तू आता तिले मदत करू नको जास्त."

त्याने केलीच. शेणखत घातलं, हापशावरून बादल्या वाहिल्या, कापसाच्या पऱ्हाट्या खोचून कुंपणाच्या फटी बुजवल्या. रोज पानं मोजल्यासारखी निरखायचा. पण एक गोष्ट त्याने पहिल्यांदाच केली. तो थांबला. ज्वारीला घाई करता येत नाही, हे कळायला त्याला दुसरा इलाज नव्हता.

दिवाळीला घरात दिवे लागले नाहीत. त्याच दिवसांत पहिला थवा गावावरून गेला. माय पायरीवर बसून वर पाहत होती. थवा वाडीवर आला, जरासा वाकला आणि सरळ पुढे निघून गेला.

"गेल्या," माय म्हणाली.

"कणीस भरलं नाही अजून," पियुष म्हणाला. "परत येतीन. या म्हणलं ना मी त्यायले." आवाज मोठा होता, आणि लगेच तो पाण्याची बादली उचलून ज्वारीकडे गेला.

थंडी वाढली. ज्वारीचे धांडे कमरेएवढेच झाले, पण कणसं आली. मुठीत मावतील अशी, लहान. पियुष रोज एक दाणा नखाने दाबून पाहायचा. एका सकाळी दाणा फुटला आणि दूध त्याच्या बोटावर आलं. ते त्याने चाटून पाहिलं. मग एक कणीस मोडून माझ्या झोळीत ठेवलं. मी कलले होते ते त्याच्या लक्षात आलं. त्याने माझी गाठ सोडून दादासारखी बांधली, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमली. पिकली पपई अर्धी चिरून बोरीच्या काट्याला खोचली. रांजणाचं बूड घासून भरलं. आणि मागच्या भिंतीला टेकून बसला.

बऱ्याच वेळाने एक पाखरू आलं. एकटंच. मातकट अंग, फिकट चोच, शेंडी नाही, रंग नाही. ते माझ्या दोरीवर बसून कणसाकडे तिरपं पाहू लागलं.

"हे कोणतं आलं फुकट खायले," पियुष म्हणाला आणि त्याने ढेकूळ उचललं.

त्याचं मनगट मागून कुणीतरी धरलं. बबनराव होते.

"थांब बे. भोरडी होय ते."

"भोरडी? ही तं मातीवानी दिसते."

"औंदाचं पिल्लू हाये. पहिल्या साली असंच असते, गुलाबी रंग मंग चढते."

"तुमाले काय माहीत?"

"माहं सगळं लहानपण त्यायले गोटे मारण्यात गेलं," बबनराव म्हणाले. "मले नाही माहीत असन तं कोणाले?"

इतकं बोलणं त्यांच्या तोंडून नदीवरून आल्यापासून निघालं नव्हतं. त्यांनी पियुषच्या हातातलं ढेकूळ काढून हळूच खाली ठेवलं. मग ते त्याच्याशेजारी उकिडवे बसले आणि पाखराकडे पाहून अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "खाय. खाय बापा."

मी हाच गळा मचाणावर ओरडताना ऐकला होता. त्या गळ्यातून असा आवाज निघू शकतो हे मला माहीत नव्हतं.

पिल्लू खाली उतरलं. त्याने एक दाणा ओढला, गिळला आणि मान वर करून कर्कश ओरडलं. आधी काहीच झालं नाही. मग रुपीबाईंच्या निंबामागून आवाज आला, पंखांचा, खूप पंखांचा, आणि चादर झटकावी तसा थवा वाडीवर वळून खाली आला. बोरीवर, कुंपणावर, ज्वारीवर. गुलाबी, काळ्या, मातकट, शेंडीवाल्या. एक गुलाबी भोरडी त्या पिल्लाला बाजूला ढकलून माझ्या झोळीत उतरली. तिचं वजन मला सगळ्या वाखात जाणवलं. मी दगडाचं वजन ओळखते. हे तसं नव्हतं. दगड जायची वाट पाहत असतो. ही बसली होती.

माय दारात आली होती. तिने पदर तोंडावर धरला होता.

"शिवलं," ती म्हणाली.

ती पायरीवर बसली. "पियुष, ताट आण मले."

पियुष आत धावला. भांडी पडल्याचा आवाज आला. भोरड्या भुर्रकन उडाल्या आणि पुन्हा बसल्या. तो ताट घेऊन आला. त्यात भाकरींची चवड, वरणाची वाटी काठोकाठ, ठेचा, कांदा, आणि कालचा भातही.

"येवढं कोण खाईन रे?"

"तू."

"गाय हाये काय मी?"

पण ती खाऊ लागली. सावकाश, प्रत्येक घास चावून. मध्येच थांबून तिने डोळे पुसले आणि पुन्हा खाल्लं. एक भाकर संपली, दुसरीची अर्धी मोडून घेतली. उरलेली अर्धी बबनरावांच्या हातात दिली. पियुष भिंतीला टेकून तिच्या हाताकडे पाहत होता, ताटाकडून तोंडाकडे जाणाऱ्या हाताकडे. त्याला रडू फुटलं तेव्हा कुणी गप्प केलं नाही. कुंपणापलीकडून रुपीबाईंचा आवाज आला, "काय वं, आले काय पाव्हणे?" आणि माय भरल्या तोंडाने म्हणाली, "आले. तुमी पण या जेवाले."

त्याला आता बरेच दिवस झाले. भोरड्या रोज सकाळी येतात. कणसं संपत आली, पण बोरं पिकली आहेत, पपई आहे, घाणेरीलाही पुन्हा पालवी आली आहे. थोड्या दिवसांनी वावरांच्या बांधावर पळस फुलेल, तेव्हा त्या तिकडे मध प्यायला जातील आणि मग उन्हं तापली की आपल्या देशी. मायची नक्षी काढलेल्या लुगड्यांबद्दलची तक्रार पुन्हा सुरू झाली आहे. पियुषने पुढच्या पावसाळ्यासाठी बियाणं म्हणून सगळ्यांत चांगलं कणीस बाजूला काढलं, आणि घाईत शेजारच्या शेळीच्या तोंडाशी ठेवलं. दुसरं काढावं लागलं.

मी मात्र झिजले आहे. भोरड्यांच्या नखांनी माझा वाख उसवतो. परवा एका चिमणीने माझ्या दोरीचा एक पदर ओढून घरट्यात नेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझं एकच मागणं आहे. मी तुटले तर मला पुन्हा खिळ्याला लावू नका. बोरीच्या बुडाशी टाकून द्या. आणि तुमच्या घरामागे हातभर जागा असेल तर पसरट भांड्यात पाणी ठेवा, काहीतरी मऊ ठेवा, आणि जरा दूर बसा. पाव्हणे वरून जातच असतात. बसा म्हणणारं कुणीतरी लागतं.

आणि अनंता, तू जिथे असशील तिथे ऐक. कणसं लहान होती, पण दुधातली होती. पाव्हणे जेवले. माय जेवली.